पन्नास किलो आणि विहीणबाई

काचवाल्या बाईंचा वजनाचा बार गेले अकरा महिने एकाच ठिकाणी अडत होता. खांद्यावरून झोकात निघायचा, हनुवटी ओलांडायचा, नाक ओलांडायचा आणि कपाळासमोर आला की रुसलेल्या जावयासारखा तिथेच उभा राहायचा. बाई दात-ओठ खायच्या, मान लाल व्हायची, पाय थरथरायचे. बार तसूभर हलायचा नाही. मग तो मुकाट्याने खाली घ्यायचा, रॅकवर ठेवायचा आणि पाणी प्यायचं. दर मंगळवारी हेच.

बाई एक्कावन्न वर्षांच्या. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांची तावदानं, आरसे, फोटोच्या चौकटी. नवरा होता तेव्हा दोघं मिळून चालवायचे, तो गेल्यावर त्या एकट्या. पाच वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा असा काही आखडला की वरच्या फळीवरची बरणी काढायलाही स्टूल लागायला लागलं. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी रबराचा पट्टा ओढायला लावला, मग छोटी डंबेल्स दिली आणि खांदा सुटल्यावर म्हणाल्या, "आता जिमला जा, नाहीतर पुन्हा माझ्याकडेच याल." बाई औषध म्हणून गेल्या आणि त्यांना चटक लागली.

सगळ्या व्यायामांत त्यांचा जीव एकाच प्रकारावर जडला. बार गळ्यापाशी धरायचा, सरळ उभं राहायचं आणि गुडघे न वाकवता तो नुसत्या हातांनी डोक्यावर न्यायचा. प्रेस. यात लबाडीला जागा नव्हती. बार वर गेला तर गेला, नाही तर नाही. वीस किलोपासून त्या साडेसत्तेचाळीसपर्यंत पोचल्या. आता पन्नास हवे होते. पन्नासच का? आकडा गोल होता, बस्स.

ही गोष्ट घरात फक्त लेकीला माहीत होती आणि लेकीने लग्नाच्या आधीच दम भरला होता. "आई, माझ्या सासूबाईंसमोर जिमचा विषय काढू नकोस हं. शाळेत शिकवलंय त्यांनी, शिस्तीच्या आहेत. त्यांना वाटायचं, हे कसलं खूळ."

बाईंनी शब्द पाळला होता. लग्नाला दोन वर्षं झाली. या काळात दोघी विहिणी सात-आठ वेळा भेटल्या आणि दर वेळी हवा, मुलांच्या तब्येती आणि चहा कडक हवा की बेताचा, यापलीकडे गाडी गेली नाही. दोघी एकमेकींशी इतक्या अदबीने बोलायच्या की बोलणं संपल्यावर दोघींनाही थकवा यायचा.

मग विहीणबाईंच्या घरातला पाण्याचा पाइप फुटला. सगळी फरशी उखडावी लागणार होती. लेक आणि जावई राहायचे एका खोलीत, तिथे तिसरं माणूस मावणार कुठे? लेकीचा फोन आला. "आई, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. माझी खोली रिकामीच आहे ना तुझ्याकडे?"

"येऊ देत की," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवल्या ठेवल्या त्यांनी जिमची पिशवी कपाटामागे सरकवली.

विहीणबाई आल्या त्या एक भलीमोठी बॅग घेऊन. वय त्रेसष्ट, बांधा बुटका, केस बारीक कापलेले. बाई बॅग घ्यायला पुढे झाल्या तर त्या म्हणाल्या, "राहू द्या, राहू द्या," आणि ती एका हाताने उचलून दोन जिने चढून आल्या. वर आल्यावर त्यांचा श्वासही वाढलेला नव्हता. बाईंनी ते पाहिलं, पण त्यातून काही बोध घेतला नाही.

पहिला आठवडा चहाच्या चढाओढीत गेला. पाहुणीने उठायच्या आत चहा झालेला असावा म्हणून बाई सहाला उठल्या, तर विहीणबाईंनी ओट्याशी उभ्या राहून आधण ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी बाई पावणेसहाला उठल्या. तिसऱ्या दिवशी विहीणबाई साडेपाचला. चौथ्या दिवशी सव्वापाच वाजता दोघी एकाच वेळी स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि "तुम्ही कशाला", "अहो, मी करते ना" असं म्हणत तिथेच थबकल्या.

मंगळवारी संध्याकाळी बाईंनी पिशवी उचलली. "जरा पाय मोकळे करून येते."

"या," विहीणबाई म्हणाल्या.

दीड तासाने बाई परतल्या. तोंड लाल, केस चिकटलेले. शुक्रवारी पुन्हा पाय मोकळे झाले. शनिवारी सकाळी टेबलाशी बसून बाई पावाला लोणी लावत होत्या. समोर बसलेल्या विहीणबाई त्यांच्या हातांकडे पाहत होत्या.

"एक विचारू?" विहीणबाई म्हणाल्या. "राग मानू नका."

"विचारा की."

"काचेने हाताला चिरा पडतात. तुमच्या बोटांवर त्या आहेतही. पण बोटांच्या मुळाशी हे घट्टे आहेत ना, हे काचेचे नव्हेत." त्यांनी कपातला चहा संपवला. "किती किलो धरता?"

बाईंच्या हातातली सुरी तशीच राहिली. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं. "प्रेस... साडेसत्तेचाळीस," त्या म्हणाल्या. "पण लेकीने सांगितलं होतं, तुमच्यासमोर बोलू नकोस. तुम्ही शाळेत शिकवायचात ना."

"शिकवायचे. काय शिकवायचे ते कुणी विचारलं नाही." विहीणबाईंनी घसा साफ केला. "मुलींच्या क्रीडाशाळेत होते मी. सव्वीस वर्षं वेटलिफ्टिंग शिकवलं. मुलाने मला बजावलं होतं, आई, त्यांचं काचेचं नाजूक काम, त्यांच्यासमोर लोखंडाच्या गोष्टी करू नकोस, घाबरतील."

आधी बाईंना हसू फुटलं. मग विहीणबाईंना. लोण्याची सुरी खाली पडली, तरी दोघींचं हसू थांबेना.

"दोन वर्षं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "दोन वर्षं आपण हवेवर बोलतोय हो."

जिम होतं कागदाच्या गोदामाखाली, तळघरात. तीन रॅक, भिंतीला वजनाच्या गंजलेल्या प्लेटा, कोपऱ्यात खडूच्या पुडीचा डबा. मालकाला सगळे भोंगा म्हणायचे, कारण कुणीही वजन उचलायला लागलं की हा माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायचा, "चला, चला, चला, सोडू नका!" मनाने मात्र तो लोण्याहून मऊ होता.

पहिल्या दिवशी विहीणबाई पाठीमागे हात बांधून उभ्या राहिल्या. बाईंनी चाळीस केले, पंचेचाळीस केले, मग पन्नासला हात घातला. बार कपाळापाशी अडला. भोंगा ओरडला. बार खाली आला. विहीणबाई काही बोलल्या नाहीत. शुक्रवारीही तसंच. त्या फक्त एकदा समोरून, एकदा बाजूने आणि एकदा अगदी खाली बसून पाहून आल्या. बाईंना वाटलं, आपलं इतकं वाईट आहे की बोलायचीही सोय नाही.

घरी आल्यावर विहीणबाईंनी स्वयंपाकघरातल्या झाडूचा दांडा काढला. "इकडे या. भिंतीला पाठ नको, तोंड करा. नाक भिंतीपासून वीतभर. आता दांडा गळ्यापाशी धरा आणि वर न्या."

बाईंनी दांडा वर नेला. तो खाडकन भिंतीवर आपटला.

"बघा. तुमचा बार तोंडाला वळसा घालून जातो. वळसा घातला की वजन पुढे जातं आणि ते पुढे गेलं की कपाळासमोर तुमचे खांदे एकटे पडतात. बार सरळ जायला हवा. वाट तोंडाने सोडायची, बाराने नाही. हनुवटी आत घ्या, डोकं मागे न्या. नाकाला घासतोय वाटलं पाहिजे. आणि कपाळ ओलांडलं रे ओलांडलं की डोकं पुढे काढायचं, खिडकीतून वाकून रस्ता बघतो तसं."

बाईंनी दहा वेळा केलं. आठ वेळा दांडा भिंतीवर आपटला. खालच्या मजल्यावरून कुणीतरी छतावर ठोकलं.

"पकड पण फार रुंद आहे," विहीणबाई म्हणाल्या. "कोपराखालचा हात खांबासारखा उभा हवा. आणि बार बोटांत नको, तळव्याच्या मनगटाकडच्या उंचवट्यावर हवा. मनगट मोडलं की जोर तिथेच सांडतो." त्यांनी बाईंची मांडी बोटाने टोचली. "आणि ही का सैल? मांड्या आणि पार्श्वभाग आवळून धरा. पायाखाली दगड असल्यासारखं वाटलं पाहिजे. मग पोटभर श्वास, तो धरून ठेवा, आणि निघा."

"अकरा महिने मी हे सगळं चुकीचं करत होते?"

"सगळं नाही. जिद्द बरोबर होती."

खरी बोलणी दुसऱ्या दिवशी दुकानात झाली. विहीणबाई सहज म्हणून आल्या होत्या. बाई टेबलावर मोठी काच आडवी ठेवून आरशाचा तुकडा कापत होत्या. पट्टी लावली, हिऱ्याच्या टोकाची कलम धरली, एका दमात वरून खालपर्यंत रेघ ओढली. बारीक कुरकुर आवाज झाला. मग काच टेबलाच्या काठावर घेतली आणि हलकेच दाबली. टक्. काच रेघेवरून सरळ दुभंगली.

"रेघ नीट उमटली नाही तर दुसऱ्यांदा फिरवता का कलम?" विहीणबाईंनी विचारलं.

"छे! एकाच रेघेवर दोनदा फिरवलं की काच वेडीवाकडी फुटते. शिवाय कलमेचं टोकही जातं."

"मग दर मंगळवारी तेच वजन का फिरवता?"

बाईंनी कलम खाली ठेवली.

"अकरा महिने दर आठवड्याला तुम्ही परीक्षा देताय," विहीणबाई म्हणाल्या. "अभ्यास कधी करायचा? माझं ऐकणार असाल तर आठ आठवडे मोठ्या वजनाचं नाव काढायचं नाही."

"आठ?"

"आठ."

बाईंनी हातमोजे काढले, पुन्हा घातले. "बरं," त्या म्हणाल्या.

विहीणबाईंनी एका जुन्या पंचांगाच्या मागे आखणी केली. मंगळवार हलका. पस्तीस किलो, तीन-तीनचे सहा सेट, दर वेळी बार नाकासमोर आला की दोन आकडे मोजेपर्यंत तिथेच थांबवायचा आणि मग वर न्यायचा. शुक्रवार जड. रॅकमध्ये कपाळाच्या उंचीवर आडव्या दांड्या लावायच्या, बार त्यांवर ठेवायचा आणि तिथून, खालचा वेग न मिळवता, अगदी मेल्या जागेवरून, वर ढकलायचा. शेवटी वजन भरपूर लावून हात जवळजवळ सरळ होतील इतक्या उंचीवरून बार उचलायचा आणि नुसता डोक्यावर धरून दहा आकडे उभं राहायचं. अधल्यामधल्या दिवशी पाठीचे व्यायाम, बार पोटाकडे ओढायचा. "पाठ म्हणजे पाया," त्या म्हणाल्या. "खांदा कशावर उभा राहणार?"

पहिल्या शुक्रवारी बाईंची फजिती झाली. कपाळाच्या उंचीवरून त्यांना तीस किलो हलेनात. गळ्यापासून पंचेचाळीस जाणारी बाई, आणि तीस किलो जागचे हलत नाहीत!

"इथे तुम्ही आजवर वेगाच्या जोरावर निसटत होतात," विहीणबाई म्हणाल्या. "ताकद नव्हतीच इथे. बरं झालं, कळलं. पंचवीस लावा."

पंचवीस गेले. पुढच्या आठवड्यात सत्तावीस. विहीणबाईंनी बॅगेतून मोज्यात गुंडाळलेल्या बारीक चकत्या काढल्या, अर्ध्या अर्ध्या किलोच्या. भोंगा त्या हातात घेऊन हसला. "हे काय, बटणं?"

"बटणंच," विहीणबाई म्हणाल्या. "शर्ट एकेक बटण लावूनच घालतात."

डोक्यावर धरायचं वजन मात्र पंचावन्नपासून सुरू झालं. पहिल्यांदा ते हातांवर आलं तेव्हा बाईंना वाटलं, छतच उतरलं अंगावर. चार आकड्यांत त्यांनी ते दांड्यांवर टाकलं. तिसऱ्या आठवड्यात दहा आकडे झाले. चौथ्यात साठ किलो धरून त्या उभ्या राहिल्या आणि भोंगा ओरडायचंच विसरला.

घरात आता दोघींचं बरं चाललं होतं. चहाची चढाओढ संपली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार विहीणबाई, उरलेले दिवस बाई. संध्याकाळी अंडी उकडताना कोपराच्या कोनावर वाद व्हायचे. लेकीचा फोन आला की बाई म्हणायच्या, "छान चाललंय. हवा जरा दमट आहे." आणि पलीकडे बसलेल्या विहीणबाई तोंडावर पदर धरायच्या.

पाचव्या आठवड्यात घात झाला. विहीणबाई घराची फरशी पाहायला गेल्या होत्या. बाई एकट्याच जिमला पोचल्या. पस्तीस किलो इतके हलके वाटत होते की हात शिवशिवायला लागले. चाळीस लावले. गेले. पंचेचाळीस लावले, तेही गेले. आणि मग, विहीणबाई पाहत नाहीयेत म्हणून, त्यांनी थेट पन्नास लावले.

बार नाकापर्यंत आला. तिथे बाईंना घाई झाली, डोकं वेळेआधी पुढे निघालं, बार समोर गेला आणि तो वाचवायच्या धडपडीत मानेपासून खांद्यापर्यंत एक कळ सळसळत गेली. भोंगा धावत आला. त्याने बार धरला.

घरी आल्यावर बाईंना मान वळवता येत नव्हती. विहीणबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी एकदा मानेकडे पाहिलं.

"किती लावलेत?"

"पन्नास."

विहीणबाईंनी गरम पाण्याची पिशवी भरून आणली, टॉवेलात गुंडाळून मानेवर ठेवली आणि आपल्या खोलीत गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी मान सैल झाली. त्या दिवशी विहीणबाई म्हणाल्या, "चला, जिमला जाऊ. वजन नाही उचलायचं. नुसतं बसायचं."

दुपारची वेळ होती, तळघरात कुणी नव्हतं. भोंगा वर जेवायला गेला होता. दोघी बाकावर बसल्या.

"माझ्याकडे एक मुलगी होती," विहीणबाई सांगू लागल्या. "फार गुणी. एकोणीस वर्षांची. स्पर्धेच्या दहा दिवस आधी म्हणाली, मला एकदा मोठं वजन करून बघू द्या, म्हणजे मनाची खात्री होईल. मला माहीत होतं, खांदा दुखतोय तिचा. पण तिचा चेहरा बघितला आणि हो म्हटलं. माझ्या तोंडून 'हो' गेलं, बघा. खांदा निखळला. दोनदा ऑपरेशन झालं. पुन्हा नाही उचललं तिने काही."

"मग?"

"मग काय. आता बस-स्थानकात तिकिटाच्या खिडकीवर असते. मी गेले की उठून उभी राहते, चौकशी करते, हसते. एकदा चिडली असती तर बरं झालं असतं. नऊ वर्षं झाली. त्या दिवसानंतर मी बाराला हात लावला नाही. पुढच्याच वर्षी निवृत्ती घेतली."

बाईंना तेव्हा लक्षात आलं, की इतके आठवडे विहीणबाईंनी प्लेटा सरकवल्या, दांड्या लावल्या, हाताने कोपर दाखवलं. बार मात्र कधीच धरला नव्हता. दाखवायचं ते झाडूच्या दांड्यावर.

"माझी चूक झाली," बाई म्हणाल्या. "तुमची नाही. मी तुम्हाला विचारलंच नव्हतं."

"ते खरं." विहीणबाईंनी मान हलवली. "म्हणून तर मला राग आला आणि बरंही वाटलं."

वरच्या गोदामातून कागदाचे गठ्ठे ओढल्याचे आवाज येत होते. मग विहीणबाई उठल्या, रॅकपाशी गेल्या आणि डब्यातला खडू हातांना चोळला. बार रिकामा होता, पंधरा किलोचा. त्यांनी तो गळ्यापाशी घेतला. पाय जमिनीत रुतल्यासारखे स्थिर. हनुवटी किंचित आत गेली, बार नाकासमोरून सरळ रेषेत वर निघाला, डोकं अलगद पुढे आलं आणि बार, खांदे, कंबर, टाचा सगळं एका ओळंब्यात थांबलं. असं पाच वेळा. बाईंनी काचेच्या धंद्यात तीस वर्षं सरळ रेषा पाहिल्या होत्या. इतकी सरळ रेष त्यांना हाताने ओढता आली नसती.

विहीणबाईंनी बार ठेवला, हात झटकले. "गुडघे कुरकुरतायत," त्या म्हणाल्या. "चला, चहा घेऊ."

त्यानंतर बाईंनी पंचांगामागची एकही ओळ चुकवली नाही. एक आठवडा नुसता रिकामा बार आणि पाठ. मग पुन्हा तीस, बत्तीस, पस्तीस. कपाळाच्या उंचीवरून मेल्या जागेवरून सदतीस गेले, मग एकोणचाळीस, मग एकेचाळीस. मानेमुळे आठाचे नऊ आठवडे झाले. नवव्या आठवड्याच्या मंगळवारी विहीणबाईंनी सांगितलं, "आज साडेअठ्ठेचाळीस. एकदाच."

बाईंनी बार घेतला. श्वास भरला, मांड्या आवळल्या. बार निघाला, नाक ओलांडलं, कपाळ आलं, आणि तिथे काही घडलंच नाही. बार थांबला नाही. सरळ वर गेला आणि डोक्यावर उभा राहिला. बाई इतक्या चकित झाल्या की खाली घ्यायचं विसरल्या.

"अहो, हे तर लोण्यासारखं गेलं!" भोंगा नाचायला लागला. "पन्नास लावा! आत्ताच्या आत्ता लावा! आज दिवस आहे!"

आजूबाजूचे तीन-चार जण गोळा झाले. कुणीतरी प्लेटही उचलली. बाईंनी विहीणबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कोरा होता. बाईंनी मानेवरून एकदा हात फिरवला.

"आज नाही," बाई म्हणाल्या.

भोंगा हिरमुसला. बाईंनी स्वतः प्लेटा उतरवल्या, जागच्या जागी लावल्या. जिना चढताना विहीणबाई हळूच म्हणाल्या, "मी हो म्हणणार होते."

"काय सांगता!"

"खरंच. ओठांवर आलं होतं." त्या एक पायरी थांबल्या. "बरं झालं, तुम्ही आधी बोललात."

पुढच्या मंगळवारी लेक आणि जावई अचानक घरी आले. दाराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, दोघी तळघरातल्या जिमला जातात ना रोजच्या वेळी. लेक आणि जावई एकमेकांकडे बघत कागदाच्या गोदामापाशी पोचले आणि जिना उतरले, तेव्हा बाई बारासमोर उभ्या होत्या. दोन्हीकडे प्लेटा, वर बटणं. विहीणबाई बाजूला, पाठीमागे हात बांधून.

"आई?" जावई म्हणाला. त्याला कुणी दाद दिली नाही.

पन्नास किलो लोण्यासारखे गेले नाहीत. खांद्यावरून सुटतानाच जड होते. नाकाशी बार मंदावला. कपाळाशी तो जवळजवळ थांबला. बाईंना तो ओळखीचा अडसर जाणवला, तीच जागा, तेच वजन समोर झुकू पाहणारं. पण या वेळी त्यांना घाई नव्हती. गेले दोन महिने बाई याच जागेवर राहत होत्या. त्यांनी श्वास सोडला नाही, डोकं मागेच ठेवलं. केसभर. आणखी केसभर. मग कपाळ सुटलं, डोकं पुढे आलं, कोपरं सरळ झाली. खोलीत भोंग्याचा आवाज नव्हता, कारण विहीणबाईंनी त्याच्या तोंडावर हात ठेवला होता.

"खाली," विहीणबाई म्हणाल्या.

बाईंनी बार खाली घेतला, रॅकवर ठेवला आणि बाकावर बसून घेतलं. त्यांना ओरडावंसं वाटलं नाही. अंगात एक निवांतपणा पसरला होता, मोठी काच शाबूत चौकटीत बसल्यावर पसरतो तसा.

मग एकच गोंधळ झाला. लेक म्हणत होती, "आई, तू त्यांना सांगितलंस?" जावई म्हणत होता, "आई, तू यांना सांगितलंस?" विहीणबाई म्हणाल्या, "तुम्ही दोघं कुणाला काय बोलू नका म्हणून सांगत फिरता, ते आधी ठरवा."

"आणि फरशी?" जावयाला एकदम आठवलं. "गवंडी म्हणाला, पंधरा दिवस झाले पुरी होऊन! मी म्हटलं, आई अजून कशी आली नाही."

विहीणबाई खडूचा डबा बंद करायला वळल्या. "सिमेंट वाळायला वेळ लागतो," त्या म्हणाल्या. बाईंनी पाण्याची बाटली तोंडाला लावली, नाहीतर त्यांना पुन्हा हसू फुटलं असतं.

रविवारी विहीणबाई आपल्या घरी गेल्या. भोंग्याने त्यांना आठवड्यातून दोन सकाळी यायची गळ घातली आहे. जिममध्ये आता तीन नव्या बायका येतात, एक शिवणकाम करते, एक दाताची डॉक्टर, एक नुकतीच आजी झालेली. विहीणबाई त्यांना दीड महिना रिकाम्या बाराच्या पुढे जाऊ देणार नाहीत, असं दिसतं. त्या कुरकुरतात, पण येतात.

बाईंचं म्हणाल तर पुढच्या मंगळवारी त्या एकट्या गेल्या. तीस किलो लावले, सहा सेट केले, दर वेळी नाकासमोर दोन आकडे थांबल्या. घरी येऊन चप्पल काढतायत तोच फोन वाजला.

"किती केलंत?" विहीणबाईंनी विचारलं.

"तीस."

"कंटाळा आला?"

"फार आला हो."

"छान," विहीणबाई म्हणाल्या. "शुक्रवारी बत्तीस करा."